बॅटरीचा अनावर ताप व तो टाळण्याचे उपाय

भात, गवत, भाजीपाला व दुभतीं जनावरें यांविषयींच्या लेखांत बॅटरीसारख्या विषयास जागा कां द्यावी, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु कल्याण, मुरबाड, भिवंडी अथवा शहापूर तालुक्यांतील कोणत्याही बऱ्या स्थितींतील शेतकऱ्याच्या घरांत आज डोकावून पाहिलें तर काय दिसतें? पडवींत फवारणीचा बॅटरीवरील पंप टांगलेला असतो, ओटीच्या कोपऱ्यांत इन्व्हर्टर असतो, अंगणांत विजेवर चालणारी दुचाकी उभी असते, ट्रॅक्टरची बॅटरी निराळीच, आणि प्रत्येकाच्या खिशांतला मोबाइल तो वेगळाच. म्हणजे दहा वर्षांपूर्वीं ज्या घरांत एक विजेरी होती त्या घरांत आज लहानमोठ्या आठ-दहा बॅटऱ्या नांदत आहेत. आणि त्या ज्या जागीं ठेवल्या जातात त्याच जागेच्या वर माळ्यावर पेंढा, शेजारीं बियाण्याचीं पोतीं व पलीकडे गोठा असतो.

या वस्तूंपासून काय होऊं शकतें हें दूरदेशीं जाऊन शोधण्याची गरज नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें वसईस एका घरांत दुचाकीची बॅटरी काढून आणून रात्रीं चार्जिंगला लावलेली होती. पहांटे तिचा स्फोट झाला व तेथेंच झोंपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून पुढें कांहीं दिवसांनीं दगावला. वसई आतां पालघर जिल्ह्यांत मोडत असली तरी १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ती आपल्याच जिल्ह्यांत होती, आणि ज्या तऱ्हेनें ती बॅटरी लावली होती त्याच तऱ्हेनें आजही आपल्याकडील घराघरांतून बॅटऱ्या लावल्या जातात. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत पुण्यास रस्त्याच्या कडेला उभी असलेली विजेची दुचाकी आपोआप पेटल्याचें सर्वांनीं पाहिलें होतें.

बॅटरी आपोआप पेटते म्हणजे काय, हें शेतकऱ्यास समजावून सांगणें शहरवासीयांस सांगण्यापेक्षां सोपें आहे, कारण उडवी आंतून तापते हें त्यास ठाऊक असतें. गवत किंवा पेंढा नीट न वाळतां रचला, तर ओलीमुळें आंत कुजण्याची क्रिया सुरू होते व तिच्यापासून उष्णता उत्पन्न होते. उडवी लहान व मोकळी असली तर ती उष्णता वाऱ्यावर निघून जाते. उडवी मोठी व दाबून रचलेली असली तर उष्णता आंतच कोंडते, कोंडलेल्या उष्णतेनें क्रिया अधिक वेगानें होते, वेगामुळें उष्णता आणखी वाढते, आणि अखेरीस काडी कोणीं न ओढतां उडवीच्या पोटांतून धूर येऊं लागतो. बॅटरींत नेमकें हेंच घडतें. जेवढी उष्णता आंत उत्पन्न होते तेवढी बाहेर जात आहे तोंवर भय नाहीं. उत्पन्न अधिक व निर्गम कमी असें एकदां झालें कीं ताप स्वतःलाच वाढवूं लागतो व मग तो कोणाच्या हातीं राहत नाहीं. यासच आम्ही अनावर ताप असें म्हणतों. उडवीस जें घडण्यास कांहीं आठवडे लागतात तें बॅटरींत कांहीं मिनिटांत घडतें, एवढाच काय तो भेद. (रासायनिक कारखान्यांतील जाणकार लोकही आपल्या मोठ्या भांड्यांविषयीं याच गोष्टीस सर्वांत अधिक भितात. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींतील २६ मे २०१६ व २३ मे २०२४ या दोन दिवशींचे स्फोट ज्यांनीं कोसावरून ऐकले, त्यांस कोंडलेल्या रसायनाचा जोर काय असतो हें वेगळें सांगावयास नको.)

आपल्या घरांत येणाऱ्या बॅटऱ्या मुख्यतः दोन जातींच्या आहेत. पहिली जुनी, शिशाची व गंधकाम्लाची. ट्रॅक्टर, इन्व्हर्टर व पुष्कळसे फवारणीचे पंप हिच्यावर चालतात. दुसरी लिथियमची, मोबाइल, नव्या दुचाक्या व अलीकडील हलके पंप यांत ती असते. लिथियमची बॅटरी सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. वजनानें हलकी असून वीज फार सांठविते हा तिचा गुण होय, व तिचा धोकाही याच गुणांत आहे.

या लिथियमच्या सेलचें अंतरंग पाहूं. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा लेप दिलेला असतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर निकेल, मँगेनीज, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचा किंवा लोह-फॉस्फेटचा लेप असतो. आणि या दोहोंच्या मध्यें केंसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. या तिहींची गुंडाळी करून ती एका द्रवांत भिजविलेली असते, व हा द्रव राकेलाप्रमाणें पेट घेणारा असतो. म्हणजे ज्वालाग्राही द्रवांत बुडवलेल्या दोन विद्युद्भारित पत्र्यांच्या मध्यें एक नाजूक पडदा, एवढ्यावर सर्व भिस्त आहे. सेलचें तापमान सुमारें ९० ते १२० अंश सेंटिग्रेड झालें कीं ग्राफाइटवरील संरक्षक थर विरघळूं लागतो व आंतून उष्णता निघूं लागते. सुमारें १३० अंशांस पडदा वितळतो, दोन्ही पत्रे एकमेकांस भिडतात व सांठविलेली सारी वीज एकदम उष्णतेच्या रूपानें मोकळी होते. सुमारें २०० अंशांपुढें निकेल-कोबाल्टच्या ऑक्साइडांतून प्राणवायु सुटतो. येथें उडवी व बॅटरी यांत फरक पडतो, तो असा कीं, उडवीस बाहेरची हवा लागते, आणि ही बॅटरी आपला प्राणवायु कांहीं अंशीं आपल्याच पोटांत बाळगून असते. म्हणून गोणपाट टाकून किंवा मातीनें झांकून ती विझेल असें समजूं नये.

या वस्तूंत किती जोर सांठविलेला असतो याचा अंदाज एका हिशेबानें येईल. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्ट व ८ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर तिच्यांत ९६ वॅट-तास, म्हणजे एका युनिटचा दहावा हिस्सा वीज असते. दुचाकीच्या बॅटरींत दोन ते चार युनिटें असतात. एका युनिटांत सुमारें अकरा लिटर पाणी उकळीस येतें. दोन युनिटांत बावीस लिटर पाण्याचा बंब उकळावा एवढी उष्णता झाली, आणि ती तासाभरांत नव्हे तर कांहीं मिनिटांत एका पेटीएवढ्या जागेंत बाहेर पडावयाची. द्रवाच्या व प्लॅस्टिकच्या जळण्याची उष्णता तिच्यांत धरलेली नाहीं. दुचाकीची बॅटरी निजण्याच्या खोलींत आणूं नये असें आम्ही पुढें सांगणार आहों तें या हिशेबावरून.

आतां हा ताप सुरू कशामुळें होतो? कारणें अनेक आहेत, परंतु आपल्याकडे सर्वांत अधिक घडणारें व सर्वांत सहज टाळतां येण्याजोगें कारण म्हणजे भलताच चार्जर, आणि याविषयीं आम्ही थोडें विस्तारानें लिहितों. बाजारांत शिशाच्या बॅटरीसही 'बारा व्होल्ट' म्हणतात व लिथियमच्या बॅटरीसही 'बारा व्होल्ट' म्हणतात. दोहोंच्या चार्जरची पिनही पुष्कळ वेळां सारखीच असते. पण शिशाच्या बॅटरीचा चार्जर भरतेवेळीं १४.४ व्होल्टांपर्यंत, क्वचित् त्याहूनही थोडा वर जातो. लिथियमच्या पंपांत निकेल-कोबाल्ट जातीचे तीन सेल एकापुढें एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलची पूर्ण भरण्याची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणजे तिहींची मिळून १२.६. अशा बॅटरीस शेजाऱ्याच्या जुन्या पंपाचा चार्जर लावला, तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्टांचा दाब येऊं पाहतो. त्या दाबानें लिथियम हा धातू ग्राफाइटच्या आंत न शिरतां त्याच्या पृष्ठभागावर सुईच्या टोंकांसारखा सांचूं लागतो, धन बाजूचें ऑक्साइड अस्थिर होतें व पडदा फुटण्याची वेळ जवळ येते. बॅटरीच्या आंत बसविलेली रक्षक फळी (हिलाच दुकानदार बीएमएस म्हणतात) चांगली असेल तर ती मध्येंच प्रवाह तोडते व घर वांचतें. पण पैसे वांचविण्यासाठीं पहिली कात्री लागते ती याच फळीला. उलट लिथियमचा १२.६ व्होल्टांचा चार्जर शिशाच्या बॅटरीस लावला तर आगीचें भय नाहीं. ती कधींच पुरती भरत नाहीं व उपाशी राहून लवकर मरते.

यास्तव चार्जर विकत घेतांना 'बारा व्होल्टचा द्या' एवढेंच म्हणून भागत नाहीं. बॅटरीच्या अंगावरील व चार्जरच्या अंगावरील अक्षरें वाचून पाहावीं, चार्जरवरील 'आउटपुट' या शब्दापुढील आंकडा बॅटरीच्या आंकड्याशीं जुळवून पाहावा, व जुळत नसेल तर तो कितीही स्वस्त असला तरी परत करावा. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीची मर्यादा पुन्हां निराळी असते, तेव्हां तिला तिचाच चार्जर पाहिजे. घरांत दोन पंप असतील तर पंपावर व त्याच्या चार्जरवर ऑइलपेंटनें एकच खूण करून ठेवावी. मजूर किंवा मुलें लावतांना चूक होणार नाहीं.

दुसरें कारण हंगाम संपल्यावर पंप कसा ठेवला जातो हें आहे. भाताची व भाजीची फवारणी आटोपली कीं आपला पंप रिकाम्या बॅटरीनिशीं खुंटीवर चढतो तो पुढील पावसाळ्यांत खालीं येतो. लिथियमचा सेल अशा रीतीनें महिनोगणती अगदीं रिता राहिला तर त्यांतील तांब्याचा पत्रा द्रवांत विरघळूं लागतो, आणि पुढें चार्ज करतांच तेंच तांबें भलत्या जागीं पुन्हां बसून पत्र्यांमध्यें पूल बांधतें. आषाढांत पहिल्याच दिवशीं चार्जिंगला लावलेला पंप पेटण्याचें हें एक कारण होय. लिथियमची बॅटरी ठेवतांना अर्धी भरून, थंड व कोरड्या जागीं ठेवावी व दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां अर्ध्यावर आणावी. शिशाच्या बॅटरीचा नियम याच्या अगदीं उलट आहे. तिला पूर्ण भरूनच ठेवलें पाहिजे व महिन्या-दीड महिन्यानें पुन्हां भरलें पाहिजे, नाहीं तर पत्र्यांवर पांढरा क्षार धरून ती निकामी होते. जी लिथियमची बॅटरी कित्येक महिने अगदीं रिकामी पडून राहिली व आतां मूळच्या चार्जरनें धड चार्ज होत नाहीं, तिला दुसऱ्या बॅटरीची तार लावून 'जागी' करण्याचा उद्योग कांहीं दुरुस्तीवाले करतात. तो करूं देऊं नये.

पंपाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पाठीवरच्या पंपांत बॅटरी बहुधा टांकीच्या खालींच असते. टांकीची किंवा नळीची गळती झाली तर औषधाचें पाणी थेट तिच्यावर उतरतें. मोरचुदाचें पाणी तर वीज वाहून नेणारें व धातू खाणारें. फवारणी झाल्यावर टांकी धुतांना पंप उलटा करण्याआधीं बॅटरीचा कप्पा उघडून फडक्यानें पुसावा, आणि कप्प्यांत हिरवट किंवा पांढरी बुरशी दिसली तर गळती शोधल्यावांचून चार्ज करूं नये.

उन्हाळ्याविषयीं. मुरबाड-बदलापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, व पत्र्याच्या पडवीखालीं त्याहूनही अधिक होतो. बहुतेक लिथियमचे सेल ४५ अंशांच्या वर तापलेले असतांना चार्ज करूं नयेत असा त्यांच्या कारखानदारांचाच दंडक आहे. मुरबाडहून कल्याणास भर दुपारीं दुचाकी पळवून आणली व आल्याबरोबर वायर लावली, तर या दंडकाचा भंग झालाच म्हणून समजावें. गाडी सावलींत उभी करून अर्धा-पाऊण तास निवूं द्यावी. शिशाच्या बंद बॅटरीसही उष्णता बाधते. तापमान वाढलें कीं त्याच दाबाला ती अधिक प्रवाह ओढते व त्यानें आणखी तापते. म्हणून २५ अंशांवर प्रत्येक अंशामागें बारा व्होल्टांच्या बॅटरीस भरण्याचा दाब सुमारें ०.०२ व्होल्टनें कमी करावा लागतो. ४० अंशांस हा फरक ०.३ व्होल्ट होतो. चांगले इन्व्हर्टर हें आपलें आपण करतात, स्वस्त चार्जर करीत नाहींत. बॅटरीच्या बाजू फुगल्या, किंवा सडक्या अंड्यासारखा वास येऊं लागला, तर चार्जर भिंतीपाशीं बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या व जवळ विडी ओढूं नये. शिशाची बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु सोडते व तो हवेंत शेंकडा ४ पेक्षां अधिक झाला तर ठिणगीनें उडतो. इन्व्हर्टर कपाटांत कोंडून वर कपड्यांचे गठ्ठे ठेवण्याची शहरी पद्धत आपल्याकडेही येऊं लागली आहे, ती टाकावी.

पुराचें प्रकरण वेगळें. २६ जुलै २००५ चा पूर अजून पुष्कळांच्या स्मरणांत आहे, व २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पाण्यांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तेव्हां कांठच्या गांवांतून कंबरभर पाणी होतें. अशा पाण्यांत बुडालेली लिथियमची बॅटरी वाळली म्हणजे बरी झाली असें नव्हे. आंत शिरलेल्या गाळानें व क्षारानें वाटा तयार होतात व त्यांतून हळूहळू वीज वाहत राहते. खाडीचें खारें पाणी तर अधिकच घातक; अमेरिकेंत फ्लोरिडा प्रांतीं सप्टेंबर २०२२ च्या वादळांत समुद्राच्या पाण्यांत बुडालेल्या विजेच्या मोटारी पाणी ओसरल्यावर पेटल्या होत्या. मुंब्रा-डोंबिवलीच्या खाडीकडील व भिवंडीकडील खारजमिनीवरच्या वाचकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. बुडालेली गाडी किंवा पंप घरापासून व गवतापासून दूर उघड्यावर ठेवावा, चार्ज करूं नये, व विक्रेत्यास बोलवावें.

रात्रीं चार्जिंगला लावून निजणें ही संवय आमच्या मतें सर्वांत वाईट. शेतीपंपाची वीज पाळीनें रात्रीं येते म्हणून आपल्याला रात्रीं जागण्याची व रात्रींच सर्व कामें उरकण्याची खोड लागली आहे. परंतु घरची वीज दिवसाही असते. फवारणी वारा पडलेला असतांना सकाळीं किंवा सायंकाळीं करावयाची, तेव्हां पंप मधल्या वेळांत, माणूस जागें असतांना, ओटीवर सावलींत व दगडी किंवा सिमेंटच्या जमिनीवर ठेवून भरावा. आठ अँपिअर-तासांच्या बॅटरीस दीड-दोन अँपिअरचा चार्जर पांच-सहा तासांत पुरतो. दुचाकीची बॅटरी घरांतून बाहेर पडण्याच्या वाटेवर कधींही ठेवूं नये, कारण पेटली तर तीच वाट बंद होते. कल्याण-डोंबिवलींत ज्यांचीं मुलें नोकरीसाठीं चाळींतून व इमारतींतून राहतात त्यांनीं त्यांसही हें लिहून कळवावें. तेथें जिन्याखालीं वायर सोडून गाड्या लावण्याची चाल आहे, आणि जिना हाच सर्वांचा एकमेव मार्ग असतो.

नवी गाडी घेणाऱ्यांस एक सूचना. २०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारनें दुचाकींच्या बॅटऱ्यांविषयींचे एआयएस-१५६ हे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून अंमलांत आला. सेलमध्यें पुरेसें अंतर, वायु बाहेर सोडणारी झडप, रक्षक फळीच्या कसोट्या, सेलच्या उत्पादनाची तारीख व आंत ताप वाढल्यास इशारा, अशा गोष्टी त्यांत आहेत. तेव्हां त्याआधींची गाडी जुन्या बाजारांत स्वस्त मिळते म्हणून घेतांना विचार करावा. ताशीं २५ किलोमीटरच्या आंतल्या, २५० वॅटखालील गाड्यांस नोंदणी लागत नाहीं, व हाच त्यांचा गुण म्हणून दुकानदार सांगतात. अशा गाडींत बॅटरी कोणाची व कोणत्या कसोटीची आहे हें ग्राहकानें स्वतःच विचारावयाचें असतें. सेलवर भारतीय मानक १६०४६ चा उल्लेख आहे कीं नाहीं हें तरी पाहावें. दोन जातींत निवड करतां येत असेल तर आम्ही लोह-फॉस्फेटची बाजू घेऊं. ती जड आहे व त्याच वजनांत वीज कमी सांठविते, पण तिचा ताप अनावर होण्यास अधिक उष्णता लागते व तिच्यांतून प्राणवायु फारसा सुटत नाहीं. ती पेटतच नाहीं असें मात्र नव्हे. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून गल्लींत बनविलेली बॅटरी कोणत्याही किंमतीस घेऊं नये.

इतकें करूनही प्रसंग आलाच तर चिन्हें ओळखावीं. न वापरतां बॅटरी गरम लागणें, पोट फुगणें, गोडसर उग्र वास, मग फुसफुस असा आवाज व पांढरा धूर, या क्रमानें तीं येतात. पांढरा धूर म्हणजे वाफ नव्हे. तो पेटणारा वायु आहे, व त्यांत कांच खाणाऱ्या अम्लाचा, म्हणजे हायड्रोजन फ्लोराइडचा अंश असतो. फुसफुस ऐकूं आल्यावर बॅटरी उचलून बाहेर नेण्याचें धाडस करूं नये. ती हातांतच उडते. प्रथम माणसें बाहेर काढावीं, मेन स्विच बंद करावा, जनावरांचीं दावीं सोडावीं व १०१ किंवा ११२ क्रमांकास कळवावें. लहान बॅटरी उघड्यावर असेल व धुराच्या वरच्या अंगास उभें राहतां येत असेल तर दुरून भरपूर पाणी मारावें. लिथियमच्या आगीवर पाणी चालत नाहीं अशी समजूत आहे, ती शुद्ध लिथियम धातूस लागू. या बॅटऱ्यांस निवविण्यास पाण्यासारखें दुसरें साधन नाहीं, मात्र तें लोटाभर उपयोगी नाहीं. विझलेली बॅटरी कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशींही पुन्हां पेटते, म्हणून ती लगेच घरांत घेऊं नये.

मेलेली किंवा फुगलेली बॅटरी उकिरड्यावर अथवा खताच्या खड्ड्यांत टाकूं नये, आणि घंटागाडींतही देऊं नये. दाबली जातांच ती गाडींतला कचरा पेटविते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हां ती विक्रेत्याकडे परत द्यावी. देईपर्यंत तिच्या टोंकांस चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या घमेल्यांत, पाऊस लागणार नाहीं अशा मोकळ्या छपरांत, उडवीपासून व गोठ्यापासून पुष्कळ अंतरावर ठेवावी.